पहिल्या वाक्याच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवलात. कामावर एक सहकारी आहे. रोज दुपारी तुम्ही दोघं एकत्र जेवता आणि साहेबांच्या कुरबुरींपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळं बोलता. या एका विषयावर मात्र तुमची जीभ टाळूला चिकटते. दोन महिन्यांपूर्वी धीर करून तुम्ही त्याच्या टेबलावर येशूच्या सुवार्तेची एक छापील पत्रिका ठेवलीत. तो काही बोलला नाही, पण पंधरा दिवस जेवायला दुसऱ्यांबरोबर बसला. आता पुन्हा एकत्र बसता, पण पत्रिकेचं नाव कुणीच काढत नाही. आणि तुम्ही विचारताय, 'सुरुवात कशी करू? समोरचा बिथरणार नाही असं पहिलं वाक्य कोणतं?'

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे या सल्ल्याला किती किंमत द्यायची हे तुम्हाला ठरवता येईल. चोवीस वर्षं मी हिशेब विभागात नोकरी केली. त्याच काळात सुट्टीच्या दिवशी रुग्णभेटीला जाऊ लागले, ते अजून चालू आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने विश्वासात आलेल्यांचा एक वर्गही घेते आणि त्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. या बाबतीत जे शिकले ते बरंचसं तोंडघशी पडून शिकले.

तुम्ही पहिलं वाक्य मागताय, पण मला गाठ वेगळ्याच जागी दिसते. तीन वर्षं तुमच्या सहकाऱ्याला तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माहीत नव्हती. मग एक दिवस ती छापील कागद होऊन त्याच्या टेबलावर आली. जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. ज्याच्याबरोबर रोज जेवतो त्याने हे इतके दिवस लपवलं, आणि सांगायची वेळ आली तेव्हाही तोंडाने सांगितलं नाही. त्याला ख्रिस्ताचा राग आला असेल असं मला नाही वाटत. 'म्हणजे ही मैत्री याच्यासाठी होती का?' असा संशय आला असेल. असा संशय कितीही शहाण्या वाक्याने जात नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की सुरुवात कशी करायची हे शोधण्याआधी लपवणं थांबवा. पुष्कळ संभाषणं त्यातूनच सुरू होतात.

लपवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. ते इतकं बारीक असतं की आपल्या लक्षातही येत नाही. 'रविवारी काय केलंत?' असं कुणी विचारलं की आपण म्हणतो, 'काही विशेष नाही, घरीच.' खरं तर सकाळी उपासनेला गेलेलो असतो. मुलाला ताप होता तेव्हा रात्री उशाशी बसून प्रार्थना केलेली असते, पण सांगताना 'फार काळजीत होतो' एवढंच सांगतो. घडलेल्या गोष्टीतला देवाचा भाग तेवढा नेमका कापून उरलेली गोष्ट पुढे करायची, ही सवय आपल्याला नकळत लागते. ती मोडा. उपदेश करू नका, फक्त जे घडलं ते न गाळता सांगा. 'रविवारी सकाळी उपासनेला गेलो, तिथून बहिणीकडे. भाचीने नवीन सायकल दाखवली.' वाक्य थांबवू नका, त्याचा चेहरा निरखत बसू नका. त्याला उपासनेबद्दल विचारायचं असेल तर विचारेल. नसेल तर सायकलबद्दल बोलेल, तेही चांगलंच. आता त्याला माहीत आहे, एवढं आजच्याला पुरे.

हे मी कसं शिकले ते सांगते. एका वर्षी वार्षिक ताळेबंद पुरा झाला, आकडे जुळले, सगळे खूश. दोन दिवसांनी मला दिसलं, की खर्चाची एक रक्कम मी दोनदा नोंदवली आहे आणि नेमकी तेवढ्याच रकमेची दुसरी एक नोंद राहून गेली आहे. चुकीवर चूक बसली होती म्हणून ताळा जुळला होता. मी वरिष्ठांकडे जाऊन सांगितलं, बोलणीही खाल्ली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "कुणाच्या बापाला कळलं नसतं. कशाला सांगितलंस?" मी हसून म्हटलं, "अगं, झोप लागली नसती मला." ती हसली, विषय संपला. आणि मला नंतर खरंच झोप लागली नाही. ज्या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट बघत होते तो प्रश्न तिने आपण होऊन विचारला होता आणि मी तिला अर्धं उत्तर देऊन वाटेला लावलं होतं.

तीन दिवसांनी जिन्यात ती भेटली तेव्हा मी म्हटलं, "तू परवा विचारलंस ना, का सांगितलंस म्हणून. मी अर्धंच उत्तर दिलं तुला." ती पायरीवर थांबली. हातात फायलींचा गठ्ठा, त्यावर टेकवलेली हनुवटी. "मग उरलेलं अर्धं काय?" मी चारच वाक्यं बोलले. देव मला बघतो असं मी मानते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो येशूमुळे मला क्षमा करतो असं मी मानते, त्यामुळे चूक कबूल करायची पूर्वीइतकी भीती वाटत नाही. आधी मी चुका दाबून टाकायचे. हा बदल माझा मलाही नवा आहे. ती "हं" म्हणाली आणि जिना चढून गेली. ती आजही ख्रिस्ती नाही. पण वडिलांना रुग्णालयात हलवलं तेव्हा रात्री अकरा वाजता तिने मला फोन केला.

ही गोष्ट एवढी लांबण लावून सांगितली, कारण तिच्यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक तर 'संधी हुकली' म्हणून आपण जे रडत बसतो त्याला फारसा अर्थ नाही. 'मी परवा अर्धंच सांगितलं' हे वाक्य आठवड्यानंतरही चालतं, महिन्यानंतरही. उलट ते ऐकणाऱ्याच्या मनात उत्सुकता जागवतं आणि ऐकायचं की नाही हे त्याच्या हाती ठेवतं. दुसरं, प्रश्न आला तो वागण्यातून, पण उत्तर द्यायला शब्दच लागले.

या दुसऱ्या गोष्टीवर आपल्याकडे नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, बोललंच पाहिजे, वेळी-अवेळी. दुसरा म्हणतो, वागणं नीट ठेवा, बोलायची गरज नाही. दुसऱ्या तटातले लोक असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावरचं एक वाक्य हमखास ऐकवतात, की सुवार्ता सांगत राहा, गरज पडली तर शब्दही वापरा. फ्रान्सिसच्या लिखाणात हे वाक्य कुठेच नाही, आणि तो माणूस तर स्वतः गावोगाव फिरून उपदेश करणारा होता. मला पटतं ते बायबलमधलं, येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं पत्र. त्याच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्याच वचनात पेत्र बायकांना सांगतो, की विश्वास न ठेवणारे नवरे तुमच्या वागण्यामुळे एका शब्दावाचून मिळवले जातील. आणि त्याच अध्यायात पंधराव्या वचनात म्हणतो, तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. एकाच अध्यायात, चौदा वचनांच्या अंतराने, दोन्ही. आणि 'उत्तर' म्हटलं आहे, म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं आहे.

पण कुणी विचारलंच नाही तर? तर आपण विचारायचं. त्याच्याबद्दल.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची भेट बघा. भर दुपार, येशू प्रवासाने थकून बसला आहे, शोमरोनी बाई पाणी भरायला येते. त्याचं पहिलं वाक्य काय? 'मला प्यायला दे.' ना शिकवण, ना इशारा, एक साधी मागणी. आणि मागणारा स्वतःला देणाऱ्याच्या खाली ठेवतो. यहुदी आणि शोमरोनी लोकांचं एकमेकांशी पटत नसे, त्यामुळे यहुदी माणूस शोमरोनी बाईकडे पाणी मागतो याचंच तिला इतकं नवल वाटलं, की पुढचं संभाषण तिच्या प्रश्नाने सुरू झालं. अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेला, येशू आपल्या दोघा अनुयायांबरोबर चालू लागतो. ते यरुशलेमेत घडलेल्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि तो विचारतो, 'कोणत्या गोष्टी?' ज्याच्यावर त्या गुदरल्या तोच विचारतो आहे! त्यांना स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या निराशेसकट, सगळं सांगू देतो आणि मगच बोलायला लागतो. येशूचा अनुयायी फिलिप्प गाझाच्या वाटेवर रथात बसलेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला भेटतो. तो अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. फिलिप्पाचं पहिलं वाक्य पुन्हा प्रश्नच आहे, 'वाचता ते समजतं का?' आणि पुढे त्याने सुरुवात कुठून केली, तर तो माणूस जिथे वाचत होता त्याच ओळीपासून.

'ज्या ओळीवर माणूस आहे तिथून' हे मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवते. तुमचा सहकारी सध्या कोणत्या ओळीवर आहे हे तुम्हाला माहीत आहे का? रोज जेवता म्हणजे माहिती असेल, पण माहिती वेगळी आणि विचारणं वेगळं. 'आई गेल्यापासून घरी कसं चाललंय?' 'या नोकरीत राहायचं ठरवलंत का?' 'लहानपणी तुमच्या घरात देवधर्माचं वातावरण होतं का?' हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. लोक त्यावर अर्धा तास बोलतात. कुणी आजीच्या आठवणी सांगतं, कुणी कर्मकांडाचा वैताग सांगतं, कुणी म्हणतं, 'मी काहीच मानत नाही, पण...' आणि त्या 'पण'नंतरचं ऐकायला मला कितीही वेळ असतो. अट एकच. उत्तर खरंच ऐकायचं असेल तरच विचारा. आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकलेलं ऐकणं समोरच्याला दुरून कळतं.

मी हे पाळलं नाही तेव्हा काय झालं, तेही लिहिते. रुग्णभेटीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंना भेटायला गेले. त्यांचा तरुण मुलगा आठवडाभरापूर्वी अपघातात गेला होता. त्या पलंगाच्या कडेला बसून एका चादरीची घडी घालत होत्या. घातली, उलगडली, पुन्हा घातली. शांतता मला सोसेना. मी रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन काढलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते, आणि त्यावर पाचेक मिनिटं बोलले. बाईंनी चादर मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही मला त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीत."

वचन खोटं नव्हतं. पण मी ते माझी अस्वस्थता झाकायला वापरलं होतं. बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसले होते. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. दुःखात असलेल्या माणसापाशी आता मी आधी नाव विचारते. पुष्कळदा भेट नावावरच सुरू होते आणि नावावरच संपते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर स्वतःबद्दलचं खरं गाळू नका, समोरच्याला खरंखुरं विचारा आणि तो ज्या ओळीवर असेल तिथेच थांबा. यापुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यात मला सरसकट नियम सांगता येणार नाहीत.

सगळ्यात आधी बघायचं ते तुमच्यापैकी कुणाच्या हातात काय आहे. तुम्ही त्याचे वरिष्ठ असाल, त्याची बढती तुमच्या शेऱ्यावर ठरत असेल, तर तुम्ही कितीही मायेने बोललात तरी त्याच्या 'हो'ला अर्थ नाही आणि 'नाही' म्हणायची त्याला सोय नाही. शिक्षक आणि विद्यार्थी, डॉक्टर आणि रोगी, मदत देणारा आणि घेणारा, सगळीकडे हेच. अशा जागी मी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि मदतीची पिशवी हातात असताना तर नाहीच. दुसऱ्याच्या मुलांशी आईबापांच्या परवानगीशिवाय हा विषय काढायचा नाही. प्रत्येक देशाचे, प्रत्येक कार्यालयाचे याविषयी आपापले कायदे आणि नियम असतात, ते माहीत करून घ्या. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून याच विषयावर एक निवेदन काढलं. एरवी ही तिन्ही घरं एका ताटात जेवत नाहीत, म्हणून ते मला मोलाचं वाटतं. त्यात आमिष आणि जबरदस्ती तर नाकारली आहेच, शिवाय धर्म बदलणं हा मोठा निर्णय आहे, त्यासाठी माणसाला विचार करायला पुरेसा वेळ आणि पूर्ण मोकळीक हवी, असंही स्पष्ट म्हटलं आहे. कुणी भावनेच्या भरात 'मला आजच बाप्तिस्मा द्या' म्हणाला तर आमच्याकडे त्याला महिनोन्महिने वर्गाला बसवतात. काहींना ते आडमुठेपणाचं वाटतं. मला नाही वाटत.

वरचं कुठलंच तुम्हाला लागू नसेल, तुम्ही दोघं बरोबरीचे असाल, आणि एक दिवस त्याने खरंच विचारलं, 'तुम्ही हे का मानता?' तर? तर गाठ पडते ती आपल्या भाषेशी. ख्रिस्ती मंडळीत राहून राहून आपल्याला एक वेगळीच मराठी येते आणि ती वेगळी आहे हेही आपण विसरतो. माझ्या वर्गातल्या एका तरुणाने बँकेत काम करणाऱ्या मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितलं, "माझं तारण झालं!" म्हणजे, पापातून सुटका झाली. मित्र काळजीने म्हणाला, "अरे, कर्ज किती घेतलंयस?" आम्ही वर्गात पोट धरून हसलो, पण मित्राचं काय चुकलं? त्याच्या जगात तारण म्हणजे कर्जापोटी गहाण टाकलेली वस्तू. 'साक्ष' म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं. 'मंडळी' म्हणजे जमलेली माणसं, फार तर कुणाची तरी बायको. 'मला त्या माणसाचं ओझं आहे' असं आपण प्रेमाने म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा मला ओझं म्हणतोय.

सगळ्यात घात करतो तो 'पापी' हा शब्द. आपण म्हणतो, 'सगळेच पापी आहेत, मीसुद्धा.' ऐकू येते ती शिवी. शिवाय पाप म्हटलं की समोर पुण्य उभं राहतं, जमाखर्चाच्या वहीसारखं. मग क्षमासुद्धा त्याच वहीतली एक सूट वाटते, चांगलं वागल्याबद्दल मिळालेली. कृपा, म्हणजे लायकी नसताना मिळालेली क्षमा, याच्या नेमकी उलट आहे, पण ते व्याख्येने समजावता येत नाही. मी प्रयत्न करून थकले. त्यापेक्षा लूकाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली धाकट्या मुलाची गोष्ट सांगा. सगळी वाटणी उडवून उपाशी पडलेला मुलगा परत यायला निघतो आणि वाटेत बोलायचं वाक्य पाठ करतो. 'बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या नोकरासारखं ठेवा.' घरी पोचल्यावर तो बोलायला लागतो, पण नोकरीच्या अर्जापर्यंत पोचतच नाही. बाप मध्येच चाकरांना हाका मारतो, झगा आणा, अंगठी आणा. वाक्याचा तो शेवटचा तुकडा बापाने बोलूच दिला नाही, हे लोकांच्या लक्षात आणून द्या आणि गप्प बसा. पुढचं गोष्ट करते.

स्वतःचं सांगायचं तर तीन-चार मिनिटांत सांगता आलं पाहिजे. घरी मोठ्याने बोलून बघा, घड्याळ लावून. आधीचं आयुष्य जितकं काळं होतं तितकंच काळं रंगवा. आमच्यात काही जण आपलं पूर्वायुष्य सांगताना इतके रंगात येतात की ऐकणाऱ्याला त्याचाच मोह व्हावा. आणि आजच्या अडचणीही सांगा. 'आता मला कसली काळजीच नाही' असं म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? तुमच्याबरोबर रोज जेवणारा तर नक्कीच नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही कशावरून चिडला होतात ते त्याने पाहिलेलं आहे.

मग अवघड प्रश्न येतील. इतकं दुःख का? बाकीचे सगळे धर्म चूक का? चर्चने इतिहासात काय काय केलं ते माहीत आहे ना? लोक या प्रश्नांना घाबरून विषयच काढत नाहीत. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस माझा या बाबतीतला गुरू आहे. दृष्टी आल्यावर लोक त्याला विचारतात, तो येशू कुठे आहे? तो म्हणतो, मला ठाऊक नाही. परुशी, म्हणजे यहुदी धर्मपुढारी, दरडावून म्हणतात, तो पापी आहे. हा म्हणतो, पापी आहे की नाही मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. दोनदा 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याचं तिसरं वाक्य कुणाला खोडता आलं नाही. तेव्हा 'याचं उत्तर मला माहीत नाही, मलाही हा प्रश्न छळतो' असं खुशाल म्हणा. चर्चच्या इतिहासातल्या अन्यायाबद्दल कुणी बोललं तर वकिली करू नका. जे वाईट झालं ते वाईट म्हणा. आणि इतर धर्मांबद्दल त्याने विचारलं तर आधी त्याचा अनुभव विचारा. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याची निंदा करून कुणाचं मन येशूकडे वळलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

प्रार्थनेबद्दल थोडं. 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' हे विचारायला मी कचरत नाही. नास्तिक माणसंही बहुधा हो म्हणतात. पण 'नको' म्हटलं तर 'बरं' म्हणायचं आणि चेहरा पाडायचा नाही. हो म्हटलं तर प्रार्थना दोन-तीन वाक्यांची करा, ज्या गोष्टीसाठी विचारलं तेवढ्याच गोष्टीसाठी. 'हे प्रभू, याचे डोळे उघड' असलं काही घुसडू नका. ती प्रार्थना नसते, देवाच्या आडून दिलेलं भाषण असतं. आणि आठवड्याने विचारा, त्या तपासणीचं काय झालं. माझ्याकडे यासाठी एक छोटी वही आहे. प्रार्थना करीन म्हणायचं आणि विसरायचं, हे माझ्याकडून इतक्यांदा झालं की शेवटी वहीच केली.

घरच्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून एवढंच सांगते, की तिथे वेळ सगळ्यात जास्त लागतो. योहानच सांगतो, की येशूचे भाऊदेखील त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. त्यांच्यातला याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, पण तो पुनरुत्थानानंतर.

आता यशाचं माप. अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या सभेच्या जागी प्रेषित पौल बोलला तेव्हा त्याने त्या लोकांचीच 'अज्ञात देवा'ची वेदी आणि त्यांच्याच कवींची ओळ घेऊन सुरुवात केली. याहून चांगली तयारी कुणाची असणार? तरी काहींनी थट्टा केली, काही म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. हे तिन्ही प्रकार एकाच भाषणानंतर झाले. मी सगळ्यात जास्त वेळा विचार करते तो मात्र निकदेम या यहुदी पुढाऱ्याचा. तो रात्री येशूकडे येतो, प्रश्न विचारतो आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात शेवटी त्याचं काय झालं ते कळतच नाही. तो बोलता बोलता नाहीसाच होतो. सातव्या अध्यायात आपल्याच लोकांसमोर येशूची बाजू घेऊन एक चाचरतं वाक्य बोलतो. एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, गंधरस आणि अगरू यांचं सुमारे शंभर लित्रा मिश्रण घेऊन येशूला पुरायला येतो. आजच्या हिशेबाने ते तीस किलोंच्या वर भरतं. त्या पहिल्या रात्री तो उठून गेला तेव्हा कुणी विचारलं असतं, 'संभाषण यशस्वी झालं का?' तर काय सांगता आलं असतं?

तुमच्या सहकाऱ्याशी बोलायचं तर मी असं करीन. जेवायला दोघंच असताना, जेवण सुरू व्हायच्या आधी म्हणेन, "दोन महिन्यांपूर्वी तुझ्या टेबलावर मी एक पत्रिका ठेवली होती. ते मी चुकीच्या पद्धतीने केलं. सांगायचं होतं तर तोंडाने सांगायला हवं होतं. तुला अवघडल्यासारखं झालं असेल, सॉरी. मी तीन वर्षांपूर्वी येशूवर विश्वास ठेवायला लागलो, आणि ते तुझ्यापासून लपवलं याचं मलाच आता विचित्र वाटतंय. तू काही मानावंस म्हणून नाही सांगत, मित्र आहेस म्हणून सांगतोय." बस. 'तुझं काय मत आहे?' असं लगेच विचारू नका, त्याला घास घेऊ द्या. तो 'ठीक आहे रे' म्हणून सामन्याबद्दल बोलू लागला तर तुम्हीही सामन्याबद्दल बोला, आणि मनापासून बोला. पत्रिका पुन्हा काढू नका. त्याने ती फेकली नसेल तर त्याच्या खणात कुठेतरी असेल. वाचायची असेल तर त्याला ती सापडेल.